पातूर ते प्रयोगशाळा : मेंदूच्या संशोधनाची लांब वाट

अकोल्याहून वाशीमकडे निघाले की घाट चढण्याआधी पातूर लागते. डोंगरात कोरलेल्या प्राचीन लेण्यांमुळे हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे; एरवी ते कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या शिवाराने वेढलेले तालुक्याचे ठिकाण. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या शिवारात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसे जागोजागी दिसतात. त्या पंपातील अनेक औषधे मज्जासंस्थेवर चालणारी विषे असतात, ही गोष्ट मात्र त्यांपैकी फार थोड्यांना कोणी समजावून सांगितलेली असते.

एक चेतापेशी स्नायूला आकुंचन पावण्याचा संदेश देते तेव्हा ती असेटिलकोलीन नावाचे रसायन सोडते. संदेश पोहोचला की एक विकर त्या रसायनाचे क्षणार्धात विघटन करते आणि स्नायू सैल पडतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. मग संदेश थांबतच नाही आणि कीटक मरतो. माणसाच्या शरीरातही तेच रसायन आणि त्याच जातीचे विकर असते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, त्या दुर्घटनेमागे हे जीवशास्त्रही होते. अशा रुग्णाला दवाखान्यात अॅट्रोपीनचे इंजेक्शन का दिले जाते, याचे उत्तरही तिथेच सापडते.

हे सारे ज्या शास्त्राच्या कक्षेत येते ते मज्जासंस्थेचे जीवशास्त्र, म्हणजेच न्यूरोबायोलॉजी. स्मृती कशी साठते, नैराश्य येते तेव्हा मेंदूत काय बदलते, अपस्माराचा झटका कुठून सुरू होतो, गर्भातल्या बाळाचा मेंदू कसा घडतो, असे प्रश्न या शास्त्रात येतात. वऱ्हाडातल्या एखाद्या हुशार मुलाला किंवा मुलीला यातच आयुष्य घालवावेसे वाटले, तर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती वर्षे शिकायचे, तोवर पैसे कोण देणार आणि शेवटी नोकरी लागेल का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र बहुधा एक तर फार गुलाबी दिले जाते, नाही तर दिलेच जात नाही.

डॉक्टरकीपेक्षा वेगळी वाट

मेंदू म्हटले की आपल्याकडे न्यूरोसर्जन किंवा मानसोपचारतज्ज्ञ डोळ्यांपुढे येतो. ती वाट 'नीट' परीक्षेतून, एम.बी.बी.एस. आणि पुढच्या पदव्युत्तर शिक्षणातून जाते. डॉक्टर आजारी माणसावर उपचार करतो. न्यूरोबायोलॉजिस्ट निरोगी मज्जासंस्था मुळात चालते कशी, हे शोधतो. त्यासाठी तो अनेकदा माणसाकडे नव्हे, तर फळांवर घोंघावणाऱ्या चिलटाकडे, उंदराकडे, झेब्राफिशकडे किंवा गाणाऱ्या पक्ष्याकडे वळतो. चेतापेशींची मूळ यंत्रणा या प्राण्यांत आणि माणसात बऱ्याच अंशी सारखी असते, म्हणूनच हे शक्य होते.

या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण प्राणिशास्त्राचाच पदवीधर असतो असेही नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माणशास्त्र, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थीही इथे येतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे 'आयसर'मध्ये, संगणकाच्या साहाय्याने चेतापेशींमधील संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या सुहिता नाडकर्णी मुळात भौतिकशास्त्राच्या. त्याच संस्थेत राघव राजन हे झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्याच्या गाण्यावरून शिकलेली हालचाल मेंदू कशी घडवतो, ते तपासतात.

मुंबई, नागपूर आणि एक परंपरा

महाराष्ट्रात या शास्त्राला मोठी परंपरा आहे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे 'टीआयएफआर'मध्ये आले आणि त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या चिलटांच्या जाती अभ्यासल्या. एका जनुकातील बदलाने मज्जासंस्थेचे काम कसे थांबते, हे त्यातून तपासता येऊ लागले. आयर्लंडमध्ये शिकत असलेल्या गोमंतकीय कुळातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्या वाचनात सिद्दिकींचे काम आले आणि त्यांनी थेट मुंबई गाठली. चिलटाला वास आणि चव कशी कळते, यावर त्यांनी इथेच पीएच.डी. केली, जर्मनीत पोस्ट-डॉक करून त्या परतल्या आणि २०१० मध्ये निधन होईपर्यंत भारतातच संशोधन करीत राहिल्या. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे 'एनसीबीएस', हे सिद्दिकी यांनीच उभारलेले टीआयएफआरचे अपत्य.

पुढच्या पिढीचे दोन प्रवास पाहण्यासारखे आहेत. शुभा तोळे यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीएच.डी. केली, शिकागो विद्यापीठात पोस्ट-डॉक केले आणि १९९९ मध्ये टीआयएफआरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. गर्भावस्थेत मेंदूचे बाह्यपटल घडवण्यात 'एलएचएक्स-२' या जनुकाचा वाटा निर्णायक असतो, हे दाखवणारे काम २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. विदिता वैद्य यांचा मार्गही असाच : झेवियर्स, येल विद्यापीठात पीएच.डी., स्वीडन आणि ऑक्सफर्डला पोस्ट-डॉक आणि २००० मध्ये टीआयएफआर. बालपणीचा ताण मेंदूवर कायमचा ठसा कसा उमटवतो आणि नैराश्यावरील औषधे मेंदूत काय घडवतात, हा त्यांचा विषय. त्यांना २०१५ मध्ये भटनागर आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

ही उदाहरणे मुंबईची, म्हणून वऱ्हाडाने हिरमुसून जाण्याचे कारण नाही. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार यांनी माशांच्या आणि पुढे उंदरांच्या मेंदूतील रासायनिक संदेशवाहकांवर अनेक वर्षे संशोधन केले आणि विद्यार्थ्यांची एक फळी तयार केली. प्रथम प्राणिशास्त्र आणि नंतर औषधनिर्माणशास्त्र विभागातून चाललेले हे काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध होत राहिले. सुभेदार पुढे पुण्याच्या आयसरशी जोडले गेले. नागपुरातील औषधनिर्माणशास्त्र विभागात दादासाहेब कोकरे यांनी मेंदूवरील संशोधन पुढे नेले. तर या नागपूर परंपरेतील प्रफुल्ल सिंगरू हे भुवनेश्वरच्या 'नायसर' या राष्ट्रीय संस्थेत प्राध्यापक झाले. राज्य विद्यापीठातील मर्यादित साधनांतूनही राष्ट्रीय पातळीवरचे शास्त्रज्ञ घडतात, याचा हा विदर्भातील दाखला.

प्रवेशाची दारे

बारावीनंतरचे पहिले दार आयसरचे. २००६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या आयसरसह देशातील सर्व आयसर पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम चालवतात. प्रवेश 'आयएटी' या स्वतंत्र परीक्षेतून होतो. 'नीट' आणि 'सीईटी'च्या धांदलीत या परीक्षेचा अर्ज भरायचे राहूनच जाते, ही ग्रामीण भागातली नेहमीची हळहळ. शेवटच्या वर्षी पूर्णवेळ संशोधन-प्रकल्प करावा लागत असल्याने इथला विद्यार्थी प्रयोगशाळेला सरावलेला असतो.

दुसरे दार पदवीनंतरचे. अकोला-अमरावतीच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करून टीआयएफआरची प्रवेश परीक्षा देता येते आणि एम.एस्सी.-पीएच.डी. अशा एकत्रित अभ्यासक्रमात जाता येते. हरयाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात न्यूरोसायन्समधील एम.एस्सी.चीही सोय आहे. तिसरे दार एम.एस्सी. किंवा एम.फार्म. नंतरचे : सीएसआयआर-नेट, 'गेट', जैवतंत्रज्ञान विभागाची किंवा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पाठ्यवृत्ती परीक्षा आणि त्यानंतर संस्थेची मुलाखत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यालाही थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो.

या मुलाखतींचे स्वरूप आपल्या तोंडी परीक्षेपेक्षा वेगळे असते. पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही. 'उंदराला हा आवाज आठवतो, हे तुम्ही कसे सिद्ध कराल?' अशा प्रश्नावर विद्यार्थी विचार कसा करतो, चुकल्यावर स्वतःला कसा सावरतो, हे परीक्षक पाहतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची इथे भाषेमुळे अडचण होते हे खरे. परंतु इंग्रजी अडखळत असले आणि विचार सरळ असला, तर समंजस परीक्षक थांबून ऐकतात. विचारच नसेल, तर अस्खलित इंग्रजीही फार वेळ टिकत नाही.

पीएच.डी. म्हणजे उमेदवारी

पीएच.डी. म्हणजे मोठी परीक्षा, असा समज आहे. प्रत्यक्षात ती सुतार-सोनाराच्या हाताखालच्या उमेदवारीसारखी असते. पहिल्या वर्षी काही अभ्यासक्रम पूर्ण करायचे, अनेक संस्थांत दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काम करून पाहायचे आणि मग मार्गदर्शक निवडायचा. नंतर पात्रता परीक्षा आणि तिच्यापुढे तीन-चार वर्षे एकाच प्रश्नामागे लागणे. विद्यार्थी मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, एका चेतापेशीला काचेची सूक्ष्म नळी लावून तिचा विद्युत्प्रवाह मोजतो, जनुक बदललेल्या प्राण्याचे वर्तन नोंदवतो आणि आठवडेच्या आठवडे संगणकावर आकडेमोड करतो. प्राण्यांवरील प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीतिसमितीची पूर्वपरवानगी लागते.

यात बहुसंख्य प्रयोग फसतात. बारावीपर्यंत नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाला अपयशाची सवय नसते. सहा महिन्यांचे काम एका चुकीच्या द्रावणामुळे वाया गेले, की तो खचतो. म्हणून या क्षेत्रात बुद्धीइतकाच चिवटपणाही लागतो. अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती जे पडते ते म्हणजे प्रबंध आणि त्याचे नाव प्रथम लेखक म्हणून असलेला एखादा-दुसरा शोधनिबंध. पुढच्या प्रवासात प्रबंधापेक्षा या शोधनिबंधाचे वजन अधिक असते.

पैशांचा प्रश्न

पालकांना हे सांगणे आवश्यक आहे की विज्ञानातील पूर्णवेळ पीएच.डी. सहसा पदरच्या पैशांनी करायची नसते. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीची रक्कम २०१४ मध्ये दरमहा २५ हजार रुपये झाली, २०१८-१९ मधील देशव्यापी विद्यार्थी आंदोलनानंतर ३१ हजार आणि जानेवारी २०२३ पासून ३७ हजार. दोन वर्षांनी वरिष्ठ पाठ्यवृत्ती मिळते, ती ४२ हजार. वसतिगृह नसेल, तर घरभाडे भत्ता वेगळा. राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 'बार्टी', मराठा-कुणबी समाजासाठी 'सारथी' आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची 'महाज्योती' या संस्थांच्याही पाठ्यवृत्ती आहेत. त्यांच्या जागा आणि निवडपद्धती यांवरून वाद व आंदोलने झाली आहेत; तेव्हा दर वर्षीची जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा.

कागदावरच्या या आकड्यांत दोन अडचणी दडलेल्या आहेत. पाठ्यवृत्ती वेळेवर खात्यात पडेलच असे नाही. काही महिन्यांची थकबाकी एकदम मिळणे, हा देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांचा नित्याचा अनुभव आहे. ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात त्याला हे निभावते. ज्याने घरी पैसे पाठवायचे असतात त्याची कोंडी होते. दुसरे असे, की नेटची पाठ्यवृत्ती साधारण पाच वर्षांची, पण मेंदूवरील प्रयोग अनेकदा सहाव्या वर्षात जातात. त्या सहाव्या वर्षाचा खर्च मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून निघेल का, हे पहिल्याच वर्षी विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच वाटतो, पण हा प्रश्न अप्रस्तुत मुळीच नाही.

संस्था की मार्गदर्शक?

विद्यार्थी संस्थेच्या नावावर भाळतात. अनुभवी संशोधक मात्र एकच सल्ला देतात : मार्गदर्शक पाहा. त्याच्याकडे आधी आलेले विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, ते आज कुठे आहेत, मध्येच सोडून जाणारे किती, तो विद्यार्थ्याला प्रथम लेखकाचे श्रेय देतो का, प्रयोगशाळेला चालू अनुदान आहे का, हे पाच प्रश्न त्याच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना विचारावेत. उत्तरे सहज मिळतात. विचारणारेच कमी असतात.

आपल्याकडे गुरूविषयी आदराची परंपरा आहे आणि ती चांगलीच आहे. पण आदराच्या पोटी विद्यार्थी मार्गदर्शकाची घरची कामे करीत बसला किंवा निष्कर्ष पटत नसताना गप्प राहिला, तर त्यात दोघांचेही आणि शास्त्राचेही नुकसान होते. 'सर, हा आलेख मला वेगळे सांगतो' असे म्हणता येईल, तीच प्रयोगशाळा चांगली.

पोस्ट-डॉक आणि परदेश

पीएच.डी. झाली की नाव 'डॉक्टर' होते, नोकरी लागत नाही. प्राध्यापकपदापूर्वी तीन ते पाच वर्षांचा, कधी त्याहून लांबणारा, पोस्ट-डॉकचा टप्पा असतो. इथे दुसऱ्या प्रयोगशाळेत नवे तंत्र शिकायचे आणि पुढे स्वतःची म्हणून सांगता येईल अशी संशोधनाची दिशा शोधायची. भारतीय संस्थांतील निवड समित्या परदेशी पोस्ट-डॉकला आजही झुकते माप देतात.

अमेरिकेतील पीएच.डी.साठी एम.एस्सी. बहुधा बंधनकारक नसते, शिक्षणशुल्क माफ असते आणि राहण्या-जेवण्यापुरते विद्यावेतन मिळते. कालावधी पाच-सहा वर्षे. अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस जातात आणि त्यांत गुणांपेक्षा संशोधनाचा अनुभव व तीन शिफारसपत्रे मोलाची ठरतात. 'विद्यार्थी नम्र व कष्टाळू आहे' एवढेच सांगणारे पत्र तिथे निरुपयोगी. त्याने कोणता प्रयोग, कसा केला, हे लिहिणारे पत्र हवे. मात्र २०२५ मध्ये तेथील सरकारी संशोधन निधीला कात्री लागल्याने अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले. केवळ अमेरिकेवर भिस्त न ठेवता जर्मनीसारख्या युरोपीय देशांचाही विचार करणे म्हणूनच शहाणपणाचे.

प्राध्यापकपद : एक नाव, दोन नोकऱ्या

'प्राध्यापक' या एकाच शब्दाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या येतात. पहिली महाविद्यालयातली. तिथे सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित असते. नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता असून २०२३ च्या दुरुस्तीनंतर भरतीच्या वेळी पीएच.डी. ऐच्छिक आहे. सोळा तास शिकवून, परीक्षा व समित्या सांभाळून मेंदूवरचे महागडे संशोधन करणे जवळपास अशक्य. आणि ही नोकरी तरी कुठे सहज मिळते? अनुदानित पदांची भरती वर्षानुवर्षे रखडल्याने राज्यातील कितीतरी नेट-सेट आणि पीएच.डी.धारक 'तासिका तत्त्वावर' शिकवत आहेत. सुट्टीत त्यांना मानधन नसते आणि पुढच्या वर्षीची खात्री नसते.

दुसरी नोकरी संशोधन संस्थेतली. आयसरमधील सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन १,०१,५०० रुपयांपासून सुरू होते. अध्यापन मर्यादित असते, पण स्वतःची प्रयोगशाळा शून्यातून उभी करावी लागते. निवडीसाठी उमेदवार दिवस-दोन दिवस संस्थेत जातो, केलेल्या कामावर व्याख्यान देतो आणि पुढच्या पाच वर्षांचा आराखडा मांडतो. निवड झाल्यावर संस्था आरंभीचे अनुदान देते. नंतरचे पैसे स्पर्धेतून मिळवायचे. त्यासाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'इंडिया अलायन्स'च्या पाठ्यवृत्ती आहेत; परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी पाठ्यवृत्ती आहे; २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या योजना आहेत. पहिल्या काही वर्षांच्या कामाचे मूल्यमापन झाल्यावरच नोकरी पक्की होते. प्रयोगशाळेत रमलेल्या माणसाला इथे अचानक कारकून, मुनीम, शिक्षक आणि कुटुंबप्रमुख अशा साऱ्या भूमिका वठवाव्या लागतात आणि त्यांचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नसते.

जागा थोड्या, उमेदवार फार

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ : नोकरी लागेल का? एक साधा हिशेब करू. समजा, एका प्राध्यापकाने तीस वर्षांत पंधरा जणांना पीएच.डी. दिली. तो निवृत्त होतो तेव्हा त्याची एक खुर्ची रिकामी होते. नव्या संस्था निघाल्या तर दोन किंवा तीन. उरलेल्या बारा-तेरा जणांनी जायचे कुठे?

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, जैववैद्यकीय विषयांत पीएच.डी. झालेल्यांपैकी कायम किंवा कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकपदावर असलेल्यांचे प्रमाण १९९३ मध्ये ३४ टक्के होते, ते २६ टक्क्यांवर घसरले होते. तिथे पहिले मोठे स्वतंत्र संशोधन अनुदान मिळेपर्यंत शास्त्रज्ञ सरासरी चाळिशी ओलांडतो.

आपल्याकडे यात वयाची भर पडते. एकविसाव्या वर्षी बी.एस्सी., तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., एकोणतिसाव्या वर्षी पीएच.डी. आणि चार वर्षे पोस्ट-डॉक म्हटले तरी तेहतीस उजाडते. सहायक प्राध्यापकपदाच्या अनेक जाहिरातींत पस्तिशीच्या आतील उमेदवारांना प्राधान्य असल्याचा उल्लेख असतो. म्हणजे सारे सुरळीत पार पडले, तर हातात दोन वर्षे उरतात. पण नेटच्या तयारीत दोन वर्षे, प्रवेशाची वाट पाहण्यात एक आणि घरच्या आजारपणात एक गेले, तर? ही वर्षे सर्वांची सारखी जात नाहीत. ज्याला बारावीतच आयसरचे नाव ठाऊक होते तो पुढे असतो. ज्याला ते एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कळले तो त्याच बुद्धीचा असूनही मागे पडतो. मुलींच्या बाबतीत तर लग्न, बाळंतपण आणि पोस्ट-डॉक हे सारे नेमके याच वर्षांत येते. संशोधनात खंड पडलेल्या महिलांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' योजना आहे. सासर-माहेरच्या पाठिंब्याची जागा मात्र कोणतीही योजना घेऊ शकत नाही.

प्राध्यापकपद मिळाले नाही म्हणजे शिक्षण फुकट गेले, असे समजणे हीदेखील चूकच. औषधकंपन्यांतील संशोधन, वैद्यकीय चाचण्यांचे व्यवस्थापन, माहितीचे विश्लेषण, विज्ञानलेखन, पेटंटविषयक काम, वैद्यकीय उपकरणांची निर्मिती अशा ठिकाणी या पदवीला किंमत आहे. प्रशिक्षणकाळात या वाटांची माहिती करून घेणे म्हणजे गुरूशी द्रोह नव्हे. प्राध्यापक होणे हे यश आणि बाकी सारे अपयश, ही समजूत प्रयोगशाळांनीच रुजवली आहे आणि ती त्यांनीच दूर करायला हवी.

पातूरच्या विद्यार्थ्याने काय करावे?

तर पातूरच्या घरी बसून आज काय करता येईल? बारावीच्या वर्षी 'नीट'बरोबर 'आयएटी'चाही अर्ज भरावा. बी.एस्सी.ला असाल, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीसह तीन राष्ट्रीय अकादमींची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती असते, तिचा अर्ज आदल्या हिवाळ्यात करावा. निवड झाल्यास दोन महिने देशातल्या उत्तम प्रयोगशाळेत काम करता येते आणि खर्चासाठी विद्यावेतन मिळते. अनेकांच्या आयुष्याची दिशा या दोन महिन्यांत ठरते. ही वाट आपली नाही, हेही तिथेच कळते आणि तेही तितकेच उपयोगाचे असते. आठवड्याला एक इंग्रजी शोधनिबंध शब्दकोश घेऊन वाचावा. सांख्यिकी आणि संगणकाची एक भाषा शिकावी. तिला प्रयोगशाळा लागत नाही. आवडलेल्या विषयातील शास्त्रज्ञाला ई-मेल लिहावा. रॉड्रिग्ज यांनी सिद्दिकींचे काम वाचून मुंबई गाठली, तेव्हा ई-मेलची सोयसुद्धा नव्हती.

महाविद्यालयांनीही थोडे करण्यासारखे आहे. अकोला-अमरावतीच्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात या परीक्षा व पाठ्यवृत्तींचे वर्षभराचे वेळापत्रक सूचनाफलकावर लावले आणि एका प्राध्यापकाकडे त्याची जबाबदारी दिली, तरी दर वर्षी वाया जाणारी कितीतरी वर्षे वाचतील. त्याला ना अनुदान लागते, ना शासननिर्णय.

पालकांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर ते असे : बी.एस्सी.नंतर बारा ते चौदा वर्षे लागतात, पीएच.डी.पासून पोटापुरते पैसे मिळतात, पण ते कधी वेळेवर येत नाहीत. प्राध्यापकपद थोड्यांनाच मिळते. हे सारे ऐकूनही ज्या मुलीला फवारणीच्या विषाने बापाचे हात का थरथरले, हे जाणून घ्यावेसेच वाटते, तिला अडवू नये. तिला खरा हिशेब वेळेवर कळला पाहिजे, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.